ज्योतीचा चोथा

ब्रसेल्सच्या विद्यापीठात, ट्रामच्या रुळांकडे तोंड केलेल्या खोलीत, लिझेलॉट ज्योती गाळायची. खऱ्या नव्हे, संगणकावर गणिताने पेटवलेल्या. एका ज्योतीत पन्नासेक रसायनं क्षणाक्षणाला बदलतात. त्यातल्या एकत्र हलणाऱ्यांची मोट बांधायची, दोन-तीन मोटांत अख्खी ज्योत बसवायची आणि राहील तो चोथा फेकायचा. चोथा बारीक वाळूसारखा दिसला पाहिजे, विस्कटलेला, बिनअर्थाचा.

या वेळचा तसा नव्हता. तो सावकाश फुगत होता, ओसरत होता.

"पंख्याचा झोत असेल," प्राध्यापक दलव्हो म्हणाले.

"सर, ही गणितातली ज्योत. तिला कुठला पंखा?"

त्यांनी चष्मा पुसला. "मग आकडेमोडीतली चूक. परवा या कामाला पैसे देणारे भट्टीवाले येतायत, लिझेलॉट. त्यांच्यापुढे असला चोथा ठेवणार आहेस?"

तिने दोनाच्या चार मोटा केल्या, चाराच्या दहा. ज्योत अधिकाधिक हुबेहूब होत गेली. ते फुगणं-ओसरणं मात्र एकाही मोटेत येईना. दर वेळी चोथ्यातच राही, आणि आधीपेक्षा ठसठशीत.

शेजारच्या टेबलावरचा सिल्वियो बटाट्याचे काप खात डोकावला. "अगं, कुणीतरी घोरतंय की तुझ्या ज्योतीत!"

"गप रे."

"उलटं करून बघ ना. ज्योत फेक, चोथा ठेव."

तिने तसं केलं. पडद्यावर काळोख उरला, त्यात मुठीएवढा एक फिकट डाग. वर, खाली. वर, खाली. सिल्वियोने खुर्ची पुढे ओढली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले.

डाग थांबला. चाहूल लागल्यावर माणूस श्वास रोखतो, तसा.

"बंद पडलं का गं?"

"नाही," ती कुजबुजली. "चित्र चालूच आहे."

तिने तीच फाइल पहिल्यापासून लावली. आता ते भराभर हलत होतं. धाप लागल्यासारखं.

दलव्हो मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा सरसावून पडदा न्याहाळला. मग म्हणाले, "आच वाढव. तापलेल्या ज्योतीत असले दोष जळून जातात."

"सर, नको."

"का नको? कारण सांग."

त्यांनीच वाकून आकडा वाढवला.

संध्याकाळी निकाल आला. चोथा स्वच्छ होता. नुसती वाळू.

"बघ! निघाला ना दोष?" दलव्होंनी कोट चढवला आणि शीळ घालत जिना उतरले. सिल्वियोचे काप तसेच गार पडले होते.

लिझेलॉटने अख्ख्या ज्योतीचं चित्र लावलं आणि डाग होता तिथलं तापमान उघडलं. ज्योतीचा ऐन गाभा. तिथे दीड हजारांच्या वर अंश हवेत.

सदतीस होते.

तिने चित्र थोडं पुढे सरकवलं. छत्तीस.

आणखी पुढे. चौतीस.

भोवती ज्योत भडकलेली होती, आणि ते हळूहळू निवत चाललं होतं.