पलीकडच्या काठाची सोबत

हसू नका रे पोरांनो. वॅटी रदरफर्ड माझ्या ओळखीचा माणूस. ट्वीड नदीवर चोरून मासे धरणाऱ्यांना पकडण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. अंधाराला बिचकणारा तो नव्हे.

दोन वर्षांपूर्वीची नऊ डिसेंबरची संध्याकाळ. जुन्या हवेलीच्या फाटकाशी इझोबेल प्रिंगल राहते ना, तिच्या हृदयाच्या गोळ्या द्यायला तो नदीकाठच्या पायवाटेने गेला होता.

"आणल्यास की वाटेत खाल्ल्यास?" म्हातारी म्हणाली. "बस, चहा टाकते."

"नको, उशीर होईल."

"उशीर? घरी कोण वाट बघतंय तुझी?"

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. वॅटी नुसता हसला. टोपी चढवून निघाला.

पावणेपाचच वाजले होते, पण आपल्याकडचा डिसेंबर तो, बाहेर मिट्ट काळोख. दगडी पुलाच्या कमानीखालून तो पुढे आला, तेव्हा पलीकडच्या काठावर एक कंदील दिसला. त्याच्याच चालीने चाललेला. हा थांबला की तो थांबे.

"गारठा आहे आज!" वॅटी ओरडला.

"आहे खरा."

पुरुषाचा, थकलेला आवाज. मधे एवढं पाणी खळाळत होतं, तरी चढवलेला नव्हता.

"एकटाच का?"

"एकटाच. तू?"

"मीही. बायको माझी, जीन, गेली त्याला सहा वर्षं झाली."

मग मैलभर वॅटी बोलतच राहिला. जीनबद्दल, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, न लागणाऱ्या झोपेबद्दल. सहा वर्षांत इतकं तो कुणाशी बोलला नव्हता. पलीकडचा फक्त हुंकार देत होता. वॅटीला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं.

झुलता पूल आला.

"ये इकडे," पलीकडचा म्हणाला. "सोबत जाऊ."

वॅटी पुलावर चढला. दहा पावलं गेला... आणि थबकला. पुढच्या अर्ध्या पुलाच्या फळ्या पुरात वाहून गेल्या होत्या. त्याला ते ठाऊक होतं. बोलण्याच्या नादात विसरला होता.

"पूल तुटलाय रे! तूच ये की कधी घरी."

कंदील जरा वर उचलला गेला. मग...

"येऊ?"

"ये की."

कंदील हलला. काठ उतरला. पाण्याशी आला. थांबला नाही. आत शिरला... विझला नाही. पाण्याखालून, पिवळा, सावकाश... इकडे येऊ लागला.

वॅटी पळाला. गुडघा विसरून पळाला. घराच्या दाराला दोन्ही कड्या घातल्या आणि रात्रभर दाराकडे बघत जिन्यावर बसून राहिला.

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. काहीच नाही...

उजाडल्यावर तो बैठकीच्या खोलीत गेला. शेकोटीशी जीनची खुर्ची. ती गेल्यापासून तिथे कुणी बसलं नव्हतं.

खुर्चीवरची उशी निथळत होती.

त्याने मला बोलावून घेतलं. कड्या तशाच होत्या. मी स्वतः उशीला हात लावला... मधोमध दबलेली होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.