बंदरसाहेबांची खुर्ची

शोधबाईंच्या दारात नावाडी येऊन उभा राहिला तेव्हा भाऊजी दाढी करत होते. अर्ध्या दाढीनिशीच त्यांनी गुन्हेगार ओळखला.

"चेहऱ्यावरच लिहिलंय," ते मेहुणीच्या कानाशी कुजबुजले.

भाऊजी म्हणजे शोधबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात बसून बायकोचं डोकं खाऊ लागले, म्हणून तिने त्यांना धाकट्या बहिणीच्या हाताखाली धाडलं होतं. तपासात त्यांनी फक्त पिशवी धरायची होती. संशयित ते आपल्या हौसेने धरत.

"बाई, पंचवीस वर्षं खाडीत होडी चालवतोय," नावाडी म्हणाला. "माझ्या होडीत कुणाची चप्पलसुद्धा हरवली नाही. आता म्हणे मी खुर्ची चोरली."

"कुणाची?"

"बंदरसाहेबांची. काल मंगळवारी दुपारी एक ते दोन साहेब जेवायला गेले होते. परत येऊन बघतात तर खुर्ची गायब. आणि संध्याकाळी सहाला ती सापडली माझ्या घरासमोर, चिखलात. घर माझं खाडीच्या पार आतल्या टोकाला. साहेब म्हणतात, होडीत घालून तूच नेलीस. उद्या परवाना काढून घेणार आहेत." त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "परवान्याचं सोडा. आज सकाळपासून माझ्या होडीत एक माणूस बसलेला नाही."

"साहेबांशी काही वाकडं?"

"परवाच वाजलं. धक्क्यावर भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा आहे. मी म्हणालो, साहेब, फळा चुकलाय, लोक तो बघून येतात आणि चिखलात रुततात. तर म्हणाले, सरकारी फळा चुकत नाही, पाणी चुकत असेल. मग माझीही जीभ घसरली. म्हणालो, खुर्चीत बसून पाणी कळत नसतं."

भाऊजींनी विजयी मुद्रेने मेहुणीकडे पाहिलं. खुर्चीवर राग, खुर्ची दारात. आणखी काय हवं?

"भाऊजी, उरलेली दाढी करून घ्या," शोधबाई म्हणाल्या. "निघायचंय."

खुर्ची अजून नावाड्याच्या घरासमोरच पडली होती. सागवानी, रुंद हातांची, पाय वर करून. आजूबाजूला वाळलेलं गवत, काटक्या, एक फुटकी बाटली, सगळं एका लांब रेषेत पसरलेलं. कालचं पाणी चढत चढत त्या रेषेपर्यंत येऊन मागे फिरलं होतं.

शोधबाईंनी खुर्ची सुलटी केली. सांध्यांतून पाणी ठिबकलं. बैठक नुसत्या वेताची होती.

"दिवसभर या वेतावर बसायचं?" त्या म्हणाल्या.

"साहेब माणूस कडक असतो," भाऊजींनी अनुभवाचे बोल ऐकवले.

बंदराची कचेरी खाडीच्या तोंडाशी, धक्क्यावर होती. मागची खिडकी थेट पाण्यावर उघडत होती. दाराजवळ चहावालीची टपरी.

"कचेरीची किल्ली कुठे असते?" शोधबाईंनी विचारलं.

"चौकटीवर. साऱ्या जगाला ठाऊक आहे," चहावाली म्हणाली. "पण मी काही बघितलं नाही. काल एकच्या सुमाराला मी धक्क्याच्या तळच्या पायरीवर भांडी घासत होते."

"तळच्या? पाण्याखाली नव्हती ती?"

"छे हो. सगळ्या पायऱ्या उघड्या होत्या. पण अर्धी भांडी होईतो पाणी माझ्या पायाला लागलं, म्हणून एकेक पायरी वर सरकत आले. तेवढ्यात मागच्या अंगाला धप्पकन आवाज झाला. म्हटलं, फेकला कुणीतरी कचरा."

"तुझंही साहेबांशी पटत नाही म्हणे," भाऊजींनी डोळे बारीक केले.

"टपरी हलव म्हणतात. पण मला खुर्ची ढापायची असती काका, तर टपरीत ठेवली असती. गिऱ्हाईक बसलं असतं."

आत कारकून फायली आवरत होता. तो आजच रजेवरून परतला होता.

"फळा कोण लिहितं?" शोधबाईंनी विचारलं.

"मीच, रोज सकाळी. गेल्या मंगळवारी लिहिला आणि दुपारच्या गाडीनं बहिणीकडे गेलो. आठवडाभर कुणी हात लावलेला दिसत नाही. आजचा अजून लिहायचाय."

फळ्यावर लिहिलं होतं: पूर्ण भरती दुपारी बारा, पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा.

"आणि या फायलीत काय आहे?"

कारकुनाने आवाज खाली आणला. "साहेबांचे तीन अर्ज. फिरती खुर्ची मिळावी म्हणून. तिन्हींना एकच उत्तर आलंय. जुनी शाबूत असेतो नवी मिळणार नाही."

बंदरसाहेब खोलीत कारकुनाच्या स्टुलावर बसले होते. स्टूल एवढंसं, साहेब ऐसपैस, पण खाली मोराचं भरतकाम केलेली गुबगुबीत उशी होती.

"उशी सुरेख आहे," शोधबाई म्हणाल्या.

"आमच्या हिनं स्वतः भरलीय. दोन वर्षं रोज या उशीवरच बसतो," साहेब खुलले. "महिन्यातून एकदा घरी नेऊन दाखवावी लागते." मग चेहरा कडक करून म्हणाले, "तुम्ही आलात कशाला? चोर सापडलाय."

"हो, सापडलाय. सगळ्यांना आत बोलवा."

नावाडी, चहावाली, कारकून भिंतीला लागून उभे राहिले. भाऊजींनी चहावालीवरची नजर हळूच कारकुनावर नेली. नावाडी हातातली टोपी पिळत होता.

"खुर्ची होडीतून गेलीच नाही," शोधबाईंनी सुरुवात केली. "तिचे सांधे आज दुपारीही गळत होते, आणि ती पडली होती भरतीनं आणलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेत. म्हणजे ती पाण्यात पडली आणि वाहत गेली. चहावालीनं ऐकलेला धप्प तोच."

"मग यानंच फेकली असेल," साहेब म्हणाले.

"फेकणाऱ्याला ती समुद्रात घालवायची होती. पण एक वाजता पाणी चढत होतं. चहावाली पायरी पायरी वर सरकत होती. अशा पाण्यात टाकलेली वस्तू खाडीत आतच जाणार, हे नावाड्याला झोपेतही कळतं. तो आपल्याच दाराकडे खुर्ची कशाला सोडेल?"

"पण फळ्यावर तर बाराला भरती!" भाऊजी मध्येच बोलले. "म्हणजे एकला पाणी उतरायला हवं."

"गेल्या मंगळवारी उतरत होतं. भरती रोज पाऊण-एक तासानं उशिरा येते, भाऊजी. सात दिवसांत सहा तास पुढे जाते. फळ्यावर जिथं भरती, तिथं काल ओहोटी होती. हे नावाड्याला ठाऊक, रोज तिथं भांडी घासणारीला ठाऊक. कारकून गावातच नव्हता. फळ्यावर विश्वास ठेवणारा या धक्क्यावर एकच माणूस. त्यानं खिडकीतून पाणी खाली गेलेलं पाहिलं आणि धरून चालला की ते उतरतंय. खाली असणं वेगळं आणि खाली जाणं वेगळं, साहेब."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं.

"फिरती खुर्ची हवी होती, म्हणून जुनी हरवायला हवी होती," शोधबाई म्हणाल्या. "पण चोरानं बायकोनं भरलेली उशी आधी काढून ठेवली. एवढी काळजी दुसऱ्या कुणाला असणार?"

स्टूल करकरलं. साहेबांचा चेहरा पडला. "सहाला ती परत आल्याचं ऐकलं आणि माझी बोबडीच वळली," ते पुटपुटले. "कुणाचं तरी नाव घ्यावं लागलं. परवाना राहू दे याचा. झालं गेलं विसरून जाऊ. आपल्यातच ठेवू."

"आपल्यात नको," नावाडी कचेरीत आल्यापासून पहिल्यांदाच बोलला. "चोर म्हणालात ते धक्क्यावर, चार लोकांत. आता तिथंच चला."

साहेब उठून बाहेर धक्क्यावर आले. दुसऱ्या होडीसाठी ताटकळलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर त्यांनी घसा खाकरला. "खुर्ची मीच फेकली. या माणसाचा काही दोष नाही."

"मोठ्यानं," मागून चहावाली म्हणाली.

साहेब पुन्हा बोलले, मोठ्यानं.  मग एका म्हातारीने आपलं बोचकं नावाड्याच्या होडीत टाकलं. "मी सकाळीच बसणार होते रे," ती म्हणाली, "सून नको म्हणाली." तिच्यामागून सून आली, मान खाली घालून, आणि मग बाकीचेही.

सकाळी या माणसाला चोर ठरवल्याची भाऊजींना मनापासून लाज वाटली. माफी मागायला शब्द सुचेनात, तेव्हा हातातल्या पिशवीसकट ते होडीत चढले.

"पलीकडे काय काम आहे तुमचं?" शोधबाईंनी विचारलं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले आणि नावाड्याशेजारी सरकून बसले.