न उतरणारं औषध

"आरोहीला कोणीतरी बाहेरचं काही देतंय," डॉ. नाखरे म्हणाले, आणि हवालदार काशीराम खुर्चीतून उठलेच.

आरोही त्यांची धाकटी, बारा वर्षांची. गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर. तीन औषधं मिळून उपचार चालले होते, कारण एकाला दाद न देणाऱ्या पेशी दुसऱ्याने मरतात. तिसरं औषध भलतंच कडक. ते भरपूर द्यायचं आणि मग सलाईन, उतारा देऊन लघवीवाटे काढून टाकायचं. पहिल्या खेपेला व्यवस्थित उतरलं. या खेपेला रक्तातून हलायला तयार नाही. असंच राहिलं तर मूत्रपिंडं जातील, उपचारही थांबवावे लागतील.

काशीरामांचं डोकं तापलं. आयुष्य चोर पकडण्यात गेलेलं! आधी बायकोला, तुळसाला, फैलावर घेतलं. काढा पाजलास? अंगारा दिलास? ती बापडी रडायलाच लागली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने पाणीसुद्धा दिलं नव्हतं. मग आपल्या बापाला, आप्पांना, वैदूचं औषध आणलंत का म्हणून उभं-आडवं घेतलं. म्हातारा रागाने बाहेर जाऊन बसला. नर्स, सफाईवाली, कोणी सुटलं नाही.

विचारलं नाही ते फक्त आरोहीला. तिला विचारायचं तर आजार सांगावा लागला असता. 'हाडात पू झालाय' एवढंच तिला माहीत. आणि गावात, भाट्यात, सगळ्यांना सांगितलेलं की कबड्डीत गुडघा मुरगळला, केस गेले ते टायफॉइडने. थोरल्या निशिगंधाचं लग्न गुहागरला जमलं होतं ना. घरात कॅन्सर म्हटल्यावर सोयरीक टिकते का?

शेवटी इस्पितळातल्या खाटेजवळच्या कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. त्यावर अरबी अक्षरं. शेजारच्या फरीदाचा नवरा रशीद नुकताच कुवेतहून आलेला. आला की आळीभर बाम आणि दुखण्याच्या गोळ्या वाटायचा. फरीदा रोज मुलीला बघायला इस्पितळात येत होती.

काशीराम तडक तिच्या दारात.

"गोळ्या तुम्ही दिल्यात?"

"हो, मीच."

"आम्हाला न विचारता?"

"मुरगळल्या गुडघ्याला काय विचारायचं, भाऊ? तुम्हीच तर सांगितलंत."

 काशीरामांना मान वर करून तिच्याकडे बघवेना.

तिला घेऊनच ते इस्पितळात आले. खोलीबाहेर तुळसा आणि आप्पांसमोर उलगडा केला. "त्या गोळीने मूत्रपिंडं मंदावतात, औषध आत अडकतं. डॉक्टरांनाही विचारून आलो. पहिल्या खेपेला रशीद अजून यायचा होता, गोळ्या नव्हत्या, म्हणून उतरलं. फरीदाने मायेने दिल्या. खरं ठाऊक असतं तर तिने एकही दिली नसती. खरं मी दाबलं. गुन्हेगार मी."

 गोळ्या बंद झाल्या की औषध उतरेल, वेळेत कळलं, एवढं डॉक्टर म्हणाले. पण पोरीने त्या गोळ्यांबद्दल अवाक्षर का काढलं नाही? काशीराम आत गेले.

"गोळ्या घेत होतीस, मग बोलली का नाहीस गो?"

"मी कण्हले की तुम्ही उठून दार लावता, बाबा. लोकांना कळेल म्हणून," आरोही म्हणाली. "गोळी घेतली की कण्हावं लागत नाही."

काशीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाटेवर बसले, तिचा हात धरला आणि तिला आजाराचं नाव सांगितलं. दार सताड उघडं होतं. त्यांचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू जात होता.