पेपर होईपर्यंत

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी ही घटना खरी आहे. ज्या घरात घडली, तिथं माझं रोजचं जाणं-येणं आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

सौंसर, संत्र्यांच्या बगीच्यांचं गाव. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. वेळ दिवेलागणीची.

वंदनाची एकुलती एक मुलगी प्रणाली आयर्लंडला शिकायला गेली होती. गेली हौसेनं, आणि महिन्याभरातच रडकुंडीला आली. कायम भुरभुर पाऊस, सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर, आणि तिथं कोणी कोणाशी बोलत नाही. पोरगी ब्रेड खाऊन झोपायची.

"मले नाही जमत. मी वापस येते," रोज एकच पालुपद.

तिला तिथं टिकवलं ते तिच्या बाबांनी, वसंतरावांनी. संत्र्याच्या बगीच्यातून आले की हातपाय धुऊन दिवाणावर बसायचे, घसा खाकरायचे आणि फोन लावायचे. तिकडे तेव्हा जेवणाची वेळ असायची.

"फोन शेगडीजवळ ठेव, बेटा. मी पाहून राहिलो. आता कांदा टाक."

ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहा करून घेतला नाही, तो पोरीला भाज्या शिकवत होता. वंदना तोंडाला पदर लावून हसायची.

आणि ऐन तोडणीच्या दिवसांत, रामाकोना गावच्या आपल्या बगीच्यात, वसंतराव झाडाखाली टेकले... ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे एक रीत आहे. घरात मरण झालं आणि बाहेरगावी पोरांची परीक्षा असली, तर पेपर होईपर्यंत सांगत नाहीत.

"वहिनी, आत्ता सांगितलं तर पोरगी सारं सोडून येईन," धाकटे दीर हेमराज म्हणाले. "मग वापस नाही जाणार. भाऊची किती हौस होती. पेपर होऊ द्या."

वंदनानं होकार दिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती टिकली लावायची, गळ्यात मंगळसूत्र घालायची आणि फोन घ्यायची. फोन ठेवला की सगळं उतरवायची. रोज नव्यानं विधवा व्हायची. असे हाल देवानं वैऱ्याचेही करू नयेत.

"बाबा बगीच्यातच मुक्कामाला आहेत. तिथं नेटवर्क नाही," ती सांगायची.

काही दिवस हे खपून गेलं.

मग एकदा प्रणाली बोलता बोलता थांबली.

"बाबा आले का? खाकरले आत्ता..."

वंदनाला काहीच ऐकू आलं नव्हतं. घरात ती एकटी होती.

दुसऱ्या दिवशी पोरीनं फोनमध्ये पाहिलं. आईकडे नाही... आईच्या जरा बाजूला. आणि हसली.

"खोटं काऊन बोलतं वं आई? बाबा तुह्या मागंच तर बसून आहेत."

वंदनानं वळून पाहिलं.

दिवाण रिकामा होता. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"बोलून काऊन नाही राहिले? नाराज आहेत का माह्यावर?"

"घसा बसला त्यायचा," वंदना कशीबशी म्हणाली.

तिनं हेमराजांना बोलावून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी ते दिवाणावर येऊन बसले. फोनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात वंदना, हेमराज आणि मागची भिंत... एवढंच दिसत होतं.

"काका, थोडे सरका ना," प्रणाली म्हणाली. "तुम्ही बाबाच्या आड येऊन राहिले."

हेमराज उठले. पुन्हा त्या खोलीत त्यांनी पाय ठेवला नाही.

पोरगी मात्र तिकडे रमू लागली. बाबा बोलत नव्हते, पण हात वर केला की ती गॅस बंद करायची. पाटवड्या जमल्या. सोबतच्या मुली ताट घेऊन येऊ लागल्या. परत यायचं नाव तिनं सोडलं.

वंदनाची भीती हळूहळू गेली. जीव मात्र जळू लागला. इतक्या वर्षांचा संसार माझा, मग मलाच का दिसत नाहीत?

"आज कसे दिसून राहिले वं बाबा?" ती हळूच विचारायची.

प्रणालीला वाटायचं, आई थट्टा करते.

"थकले वाटतात. पण हसून राहिले."

पेपर संपले.

त्या संध्याकाळी वंदना कोऱ्या कपाळानंच फोनसमोर बसली.

"बेटा... बाबा गेले. तोडणीतच गेले. तुह्ये पेपर होते म्हणून नाही सांगितलं."

प्रणाली आईच्या मागे बघत होती. बघतच राहिली.

"पण ते तर..."

मग तिचा चेहरा उतरला.

"आई, ते उठले."

"कुठं चालले?"

"दाराकडं... आई, थांबव ना त्यायले."

वंदना फोन टाकून धावली. दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. अंगाला साधी झुळूकही लागली नाही.

मागून, फोनमधून, पोरीचा हुंदका ऐकू आला.

"गेले, आई."

प्रणाली घरी आली, काही दिवस आईजवळ राहिली, परत गेली. शिक्षण पूर्ण केलं आणि तिथंच नोकरीला लागली. वसंतरावांची हौस फिटली म्हणायची. पण परत जाताना, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडीत चढण्याआधी, ती आईला एवढंच म्हणाली होती, "तू सांगितलं नसतं, तर ते राहिले असते."

संध्याकाळी, फोनच्या वेळेला, त्यांच्या घरी जाणं मी टाळतो.

फोन अजूनही येतो, रोज दिवे लागले की. प्रणाली आधी आईच्या मागे बघते, मग आईकडे.

"दिसले का वं?"

"नाही, आई."

तरी फोन कोणीच ठेवत नाही...