व्रतगाळणी

सांगलीच्या मनोलय केंद्रातल्या पडद्यावर मृण्मयी कोरगावकरची रेषा कित्येक आठवडे सरळ होती.

"किती शांत," यास्मिन मुजावर म्हणाली. मनोलयमापकाची आज्ञावली तिचीच. "एकोणीस वर्षांची पोर. उन्हाळ्यात द्विध्रुवी विकाराचं निदान झालं, आणि आता आपल्यापेक्षा बरी."

"फारच बरी," डॉ. निर्मला पेंढारकर चष्मा पुसत म्हणाल्या.

मनगटावरचा मापक झोप, भूक, चाल आणि आवाज टिपत असे. या सगळ्यांचा प्रत्येक माणसाचा आपला ठेका असतो. औदासीन्य किंवा उन्माद माणसाला कळण्याआधी ठेक्यात उतरतो. ठेका चुकला की मापक केंद्राला कळवतो. सुरुवातीला मात्र दर एकादशीला निम्म्या जिल्ह्यातून धोक्याच्या सूचना येत. उपास, जागरण, मौन, यंत्राला सगळं आजारच वाटे.

"तुमच्या सोमवारांनी मला वेड लावलं होतं, मॅडम. माझ्या रोज्यांनी तुम्हाला. म्हणून तर व्रतगाळणी बसवली. मापकाला व्रत सांगितलं की ते संपेपर्यंत किंवा मोडेपर्यंत नोंदी बाजूला राहतात."

"म्हणजे रेषेत दिसत नाहीत."

"नाही."

"मग ही रेषा कशाची?"

यास्मिनने गाळणी उघडली. मृण्मयीने व्रत सांगितलं नव्हतं असा अलीकडे दिवसच नव्हता.

डॉक्टरांनी तिच्या आईला, शैलजाताईंना, फोन लावला.

"पोरगी देवाला लागलीय हो," शैलजाताईंच्या आवाजात समाधान होतं. "आधी गुरुवार, मग शनिवार, आता मौन. मध्यंतरी अंथरुणातून उठत नव्हती. आता झोपच नको तिला, पहाटेपर्यंत जप."

"रडते का?"

"जपाला बसली की रडते. भाव आहे तिचा."

"उद्यापन कधी?"

"सगळ्यांचं एकदमच, उद्या. तसं लिहून दाखवलं तिनं. दानही सुरू केलंय. पैंजण, पुस्तकं, सायकल, सगळं मैत्रिणींना देऊन टाकलं."

डॉक्टरांचा स्वर होता तसाच हळू राहिला. "ताई, तिच्याजवळ जाऊन बसा. आम्ही येतो. तोवर तिला एकटी सोडू नका."

गाडीत यास्मिनने विचारलं, "पण उत्साह आला म्हणजे सुधारणाच ना?"

"मन खालीच राहिलं आणि अंगात बळ आलं, तर ती वेळ सगळ्यात धोक्याची. आणि उद्यापन ज्या त्या व्रताचं असतं गं. सगळ्यांचं एकदम कोण करतं?"

यास्मिनने वॉर्डात खाट तयार ठेवायला सांगितलं.

मृण्मयी देवघरापुढे बसली होती. डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवरच टेकल्या.

"मृण्मयी, जीव द्यायचे विचार येतात का?"

"असलं काय विचारता हो तिला?" शैलजाताई कळवळल्या.

"विचारल्यानं ते येत नाहीत, ताई."

मृण्मयीने हातातली जपमाळ खाली ठेवली.

"येतात," मृण्मयी म्हणाली. न वापरलेला तो आवाज फाटूनच बाहेर आला.

त्या शब्दासरशी व्रत मोडलं, आणि गाळणीनं आपलं काम चोख केलं. अडवून धरलेल्या सगळ्या रात्री यास्मिनच्या हातातल्या पडद्यावर एकदम उतरल्या. ती वाचू लागली आणि थांबली. आता ते वाचायची गरज नव्हती.

"मौन मोडलं," मृण्मयी पुटपुटली. "पाप लागेल?"

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला.

"लागलं तर माझ्याकडे येऊ दे. तू बोल."