सर्व उतारूंस कळविण्यात येते

कंदिलाची वात जरा वर करा, म्हणजे सांगतो.

एकोणपन्नास साली मी उंब्रजच्या मोटारस्टँडवर टाइमकीपर होतो. खाजगी सर्व्हिस मोटारींचे ते शेवटशेवटचे दिवस. तरी आमच्या मालकांनी त्या हिवाळ्यात वाघजाईवाडीच्या गाडीचा रस्ता आणि वेळ दोन्ही बदलायचं ठरवलं. बदल चांगलाच होता. जुना रस्ता ओढ्यातून जायचा, त्यामुळे पावसाळ्यात चार महिने गाडी बंद. आता वरच्या अंगानं मोरी बांधून नवी सडक झाली होती. एक तारखेपासून गाडी त्या सडकेनं बारा महिने चालणार होती, आणि वाडीला अर्धा तास आधी पोचणार होती. वाटेवरच्या गावांना हे वाचून दाखवायचं आणि छापील कागद चिकटवायचा, एवढंच माझं काम.

संध्याकाळी पाचच्या गाडीनं निघालो. गाडीवर हरिबा होता, लढाईत फौजेच्या मोटारी हाकून आलेला, अबोल माणूस. पौषातली थंडी पडू लागली होती. रानात गुऱ्हाळं पेटलेली, गाडीत गुळाचा वास भरलेला. प्रत्येक थांब्यावर मी कागद वाचायचो आणि लोक खूश व्हायचे. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला. “मास्तर, लय ब्येस केलंसा,” म्हणाला. जसा काही मोरी मीच बांधली होती! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला ओढा आला. पाणी घोट्याएवढं. तरी अलीकडच्या काठालाच गाडी थांबली. तिथं घर नव्हतं, माणूस नव्हतं. हरिबानं इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. गाडीतलं बोलणं आपोआप थांबलं. पुढच्या बाकावरची दोन माणसं उठून मागं सरकली.

मी विचारणार, तोच ओल्या घोंगडीसारखा वास आला. मग खालचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि गाडी डाव्या अंगाला बसली. भरदार माणूस पायफळीवर चढला की बसते ना, तशी. चढलेलं कोणी दिसलं नाही. हरिबा खाली उतरला, हँडल मारून परत आला आणि गाडी निघाली.

वाडीला साळूबाई नावाची म्हातारी कंदील घेऊन उभी होती. सगळे उतरले. सगळ्यांच्या शेवटी पाटे पुन्हा करकरले, गाडी वर आली.

“आलास व्हय? चल, भाकरी निवती हाय,” असं म्हणत ती वळली आणि कुणाशी तरी बोलत अंधाराकडे चालू लागली. आवाजात इतकं समाधान होतं, की माझी भीती थोडी मागं सरली.

“तिचा ल्योक, जोतीराम,” हरिबा हळू आवाजात म्हणाला. “शेचाळीसला फौजेतनं रजेवर आलता. परतीचा पाऊस लागलेला. ओढ्याकाठी हुबा राहून त्यानं गाडीला हात केला. पानी चढत हुतं, मास्तर... मी थांबलो न्हाई. मागनं एकटा चालत निघाला, आन् लोंढ्यात गावला.” त्यानं समोरच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसली. “तवापास्नं रोज थांबतो.”

आणि एक तारखेपासून गाडी तिथं जाणारच नव्हती.

मी साळूबाईच्या मागं धावलो. अंगणात गाठून तिला सगळं सांगितलं. तिनं कंदील खाली ठेवला.

“मग त्यो कसा यील?”

“मावशी, नवा थांबा सडकेच्या तिठ्यावर आहे. तुम्हीच सांगा त्याला.”

“माजं कवा ऐकलंय त्यानं? फौजेतला हाय, सायबाचं ऐकतोय. तुमी कागूद वाचा तितं जाऊन. पर नाव घिऊन वाचा. जोतीराम म्हणून हाक द्या, मग वाचा.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच गाडीनं गेलो. ओढ्याच्या काठाला हरिबानं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो. गाडीतली माणसं श्वास रोखून बसलेली. समोर करंजाची झाडं, खाली पाण्याची बारीक खळखळ. अंधुक उजेडात मी कागद डोळ्यांजवळ धरला. हाक मारायला तोंड उघडलं, पण नाव काही बाहेर येईना. हाकेला कुणी ओ दिली तर? शेवटी जे छापलं होतं तेच घाईघाईनं, मोठ्यानं वाचून टाकलं.

“सर्व उतारूंस कळविण्यात येते की, येत्या एक तारखेपासून ओढ्याकाठचा थांबा बंद होऊन गाडी सडकेच्या तिठ्यावर थांबेल. तरी सर्वांनी तेथे हजर राहावे.”

पाण्याची खळखळ थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. मी वळून गाडीत चढलो तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

एक तारखेला नव्या सडकेवरून गाडी निघाली. गावोगाव लोकांनी नारळ फोडले. तिठ्यावर हरिबानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मी मनातल्या मनात मोजत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग तो ओला वास आला, पाटे करकरले, गाडी बसली. हरिबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “आला, मास्तर... आला!” मागच्या बाकावरची एक बाई हसली, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. मलाही हसू फुटलं.

तेवढ्यात पाटे पुन्हा करकरले आणि गाडी आणखी खाली बसली.

वाडीला सगळे उतरले. साळूबाईनं आपल्या लेकाला हाक दिली. गाडी एकदा वर आली, ती लेकाशी बोलत घराकडे गेली. त्या म्हातारीचा आनंद मी आजही विसरलेलो नाही. मरेपर्यंत, पुढं नऊ वर्षं, तिनं रोज दोन ताटं वाढली.

आम्ही मात्र थांबून राहिलो. गाडी पुरती वर येईना. वाट बघणारं दुसरं कोणी तिथं नव्हतं.

“कोन हाय गा?” हरिबानं मागं न बघता विचारलं. मला माझंच वाचणं आठवलं: नाव न घेता, ‘सर्व उतारूंस’. रिकाम्या गाडीतून आम्ही उंब्रजला परत आलो. अख्ख्या वाटेत त्यानं वेग वाढवला नाही आणि मी मान वळवली नाही.

स्टँडवर आलो. माझी खोली स्टँडच्या मागंच होती.

“तुमी उतरा, मास्तर,” हरिबा म्हणाला. “मी गाडी लावतो.”

मी पायफळीवरून खाली उतरलो. माझ्या पाठीमागं पाटे करकरले. एकदा माझ्या उतरण्यानं... आणि मग आणखी एकदा.