तळपायाची तीट

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगतो, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, वटवाघळं लागतात. इथे तसलं काही नाही. नोव्हेंबर १९८५. रत्नागिरी. मिरकरवाड्याच्या पलीकडे जांभ्या चिऱ्याचं एक जुनं मिठाचं गोदाम होतं, तिथे, उन्हं उतरायच्या वेळी.

आणि हे खरं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी गोदाकाकूसमोर उभं राहून तसं म्हणून दाखवावं. कोयती घेऊन मागे लागेल.

गोदाकाकू म्हणजे माझ्या चुलतकाकांची, लवूकाकांची बायको. काका ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. काकू बंदरावर मासळी विकायची. एकच मुलगी, चिमा. सहा वर्षांची आणि नुसती आग. दिवसभर कोणाशी ना कोणाशी भांडण. बांगड्याच्या डोक्यासाठी बापाशीसुद्धा भांडायची.

त्या आठवड्यात मुंबईहून सिनेमावाले आले. भुताचा सिनेमा. भूत म्हणून त्यांना लहान पोर हवी होती.

का?

एवढाले दाढीमिशांचे बाप्ये जगात असताना या लोकांना भूत करायला पोरंच का लागतात? बघा तुम्ही. झोपाळ्यावर पोर, जिन्यावर पोर, पांढरा फ्रॉक, मोकळे केस. ज्या वयात पोराला अंधारात मोरीपर्यंत सोबत लागते, त्या वयाच्या पोराला बघून मोठ्यांनी किंचाळायचं. कसली ही अक्कल?

वाडीतला काशीराम त्यांना माणसं मिळवून द्यायचा. त्याला सिनेमाचं भारी वेड. त्यानेच चिमाला पुढे केलं. चिमा खूश. काकू सोबत गेली, पण कपाळावर आठ्या घेऊनच.

मेकअपवाल्याने चिमाच्या तोंडाला पांढरा रंग फासायला घेतला. त्याआधी गालावरची तीट पुसली. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून काकू रोज लावायची ती, घरच्या काजळाची.

"ओ, ती कशाला पुसलीत?"

"बाई, भुताला कुठे तीट असते?"

सगळे फिदीफिदी हसले.

काकूने पुन्हा लावली. त्याने पुन्हा पुसली. शेवटी डायरेक्टर ओरडला, "या बाईला बाहेर काढा!"

"वयनी, गप ऱ्हा गो," काशीराम म्हणाला. "पोरीला नुसतं दारात उभं ऱ्हायचं हाय."

काकू गप्प बसणारी नव्हे. पोरीच्या पायात काटा गेलाय असं म्हणत ती खाली बसली. कनवटीची काजळाची डबी काढली. आणि चिमाच्या उजव्या तळपायाला ठसठशीत तीट लावली.

हे कोणालाच दिसलं नाही.

मग शूटिंग झालं. "डोळे मिटायचे नाहीत. रडायचं नाही. आईकडे बघायचं नाही." चिमा गोदामाच्या दारात, आतल्या बाजूला, उभी राहिली आणि दार हळूहळू तिच्या तोंडावर बंद झालं. तेवढंच काम होतं.

दार बंद झालं...

दिवे विझले. सिनेमावाले सामान आवरायला लागले. दार उघडायचं कोणाच्याच लक्षात नाही!

काकू शिव्या घालत धावली. दार ढकललं. आत काळोख आणि मिठाचा वास.

"चिमा?"

काकूने आत पाऊल टाकलं.

"चिमा, चल गो घरी!"

फक्त काळोखातून एक हात आला... आणि काकूच्या हातात गेला. थंडगार होता.

काकूने तो घट्ट धरला आणि मागे न बघता तरातरा घर गाठलं. सगळा राग त्या सिनेमावाल्यांवर होता. हाताकडे कोण बघतंय?

घरी ओट्यावर तिने पोरीचे पाय धुतले. उजवा तळपाय उलटून पाहिला.

कोरा.

मिठावर घासली गेली असेल तीट, असं काकूने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी पोर भांडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ठेवू तिथे बसायची. वाढू ते खायची. शेजारची यमुनाबाई कौतुकाने म्हणाली, "सिनेमानं पोर सुधारली हो तुझी!"

"माझी पोर बिघडली कधी होती?" काकू तिच्या अंगावर धावून गेली.

ती पोर 'आये' म्हणत नव्हती. एकदाही नाही. पापणी मिटताना कोणी पाहिली नाही. आणि तीट... काकू तीट लावायची, डबी फळीवर ठेवून वळायची, तेवढ्यात गाल कोरा असायचा.

लवूकाका समुद्रावरून आले. जेवताना त्यांनी बांगड्याचं डोकं पोरीपुढे धरलं. तिने ते हळूच परत त्यांच्या ताटात ठेवलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर काशीराम सिनेमाची कॅसेट घेऊन आला. भाड्याचा टीव्ही-व्हिडिओ आणला. भर दुपारी, खिडक्यांना गोणपाट लावून, लिलावाच्या शेडमध्ये सगळी वाडी बसली. काकूच्या मांडीवर ती पोर.

गोदाम आलं. दारात चिमा आली. पांढरं तोंड, मोकळे केस. बायांनी तोंडाला पदर लावले. दार हळूहळू बंद झालं.

इथे हा प्रसंग संपायला हवा होता. शूटिंग तेवढंच झालं होतं.

पण पडद्यावर एकदम गोदामाचं आतलं दिसलं...

आत चिमा होती. दारावर मुठी मारत होती. तोंडावरचा रंग रडून ओघळला होता. आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. 'आये... आये...'

शेडमध्ये किंकाळ्या फुटल्या. पोरं आयांना बिलगली. "काय काम केलंन पोरीनं!" कोणीतरी ओरडलं.

चिमा दमून खाली बसली. पाय पुढे पसरले. उजवा तळपाय समोर आला.

त्यावर काळी, ठसठशीत तीट होती.

"घाबरताय कोणाला, मेल्यांनो?" काकू उठून उभी राहिली. "रडत्येय ती! माझी पोर रडत्येय!"

ती लोकांना तुडवत टीव्हीपाशी पोचली. काचेला हात लावला, तोवर तिथे हिरो-हिरॉईनचं गाणं सुरू झालं होतं.

"मागं घे! काशीराम, मागं घे!"

त्याने कॅसेट मागे घेतली. गोदाम आलं. दारात चिमा. दार बंद. पुढे गाणं. दहा वेळा मागे घेतली. आतलं पुन्हा दिसलं नाही.

काकू तशीच गोदामाकडे धावली. दगडाने कुलूप फोडलं. आत मिठाशिवाय काही नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती हाका मारत राहिली.

घरी आली तेव्हा ती पोर ओट्यावर बसली होती. काकूकडे टक लावून. आणि पहिल्यांदाच म्हणाली,

"आये."

काकूने मारायला हात उगारला. तो तसाच राहिला. मग आत गेली, भात वाढला आणि ताट तिच्यापुढे आदळलं. "गीळ," म्हणाली. वाढायचं मात्र तिने कधी चुकवलं नाही.

ती पोर मोठी झाली. दाभोळला दिली. बाई गुणाची आहे, सासरचे नावाजतात. आमच्या घरातलं कोणी तिच्याकडे राहायला जात नाही.

सिनेमावाल्यांचं काय झालं, मला माहीत नाही. वाईट झालं असेल तर बरंच झालं.

गोदामाच्या दाराला काकूने चिरा लावून ठेवलाय, दार बंद होऊ नये म्हणून. लवूकाका गेले, काकू आता थकली आहे. पण टीव्हीवर कुठल्याही सिनेमात पोराचं भूत आलं, की घरात सगळे डोळे झाकतात आणि काकू भिंत धरत उठते. टीव्हीला नाक लावून उभी राहते.

ती पाय बघते. पोर दारात नुसतं उभं असलं, की काचेवर हात आपटत ओरडते, "बस गो, खाली बस. पाय दाखव आयेला."